सी लाल झालंय: बार्शीतल्या एका फ्लेक्सच्या दुकानातल्या नोंदी

सोमवार, २१ जुलै २०२५

सकाळी साडेनऊला दुकानाचे मालक काका यांचा फोन. "लवकर ये, सी लाल झालंय." काकांच्या भाषेत सी लाल म्हणजे कॉम्प्युटरमधली सी ड्राइव्ह भरत आली की तिच्याखालची निळी पट्टी लाल होणं. एरवी मी संध्याकाळी चक्कर टाकली असती, पण उद्या २२ जुलै. दोन मोठ्या नेत्यांचे वाढदिवस एकाच दिवशी, त्यामुळे शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंचा पाऊस पडतोय आणि दुकानात पाय ठेवायला जागा नाही.

मशीन मीच चार वर्षांपूर्वी जोडून दिलेलं. आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, सीसाठी २४० जीबीची एसएसडी, डीसाठी आधीच्या मशीनमधली एक टीबीची फिरती हार्ड डिस्क. सीवर २२३ पैकी १.१ जीबी मोकळे. डीवर ९३१ पैकी ६. दहा बाय वीसच्या बॅनरची टिफ, म्हणजे छापायची फाइल काढताना अर्ध्यात जागा संपल्याचा निरोप येतोय आणि ताई सकाळपासून तोच बॅनर तिसऱ्यांदा एक्स्पोर्ट करतायत.

काकांची जुनी तक्रार पुन्हा ऐकली: एक टीबीचे पैसे घेतले आणि दिले ९३१, दुकानदाराने ६९ जीबी खाल्ले. पुन्हा सांगितलं की डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने, माल तेवढाच आहे. "म्हणजे पायलीचं माप वेगळं," काका म्हणाले. अगदी तेच.

पहिला हात रिसायकल बिनकडे गेला तर काका खुर्चीतून उठलेच. "त्याला हात लावू नको! लागणाऱ्या फायली आहेत त्यात." दोन्ही ड्राइव्ह मिळून ५० जीबीच्या वर माल तिथे, त्यातला ४७ एकट्या डीचा. काका फाइल डिलीट करतात ती टाकायची म्हणून नाही, समोरून बाजूला व्हावी म्हणून. घरातला माळा असतो तसा त्यांचा रिसायकल बिन. आज वाद घालायला वेळ नव्हता.

तात्पुरता इलाज म्हणून हायबरनेट, म्हणजे मशीन झोपवताना रॅममधला माल डिस्कवर ठेवायची सोय, बंद केली. ॲडमिनच्या कमांड प्रॉम्प्टवर एक ओळ, की हायबरफिल नावाची लपलेली फाइल जाते. आठ जीबी रॅमला ती ३.२ जीबीची होती. मशीन सुरू व्हायला दोन-चार सेकंद जास्त लागतील, एसएसडीवर कळणारही नाही. बॅनर निघाला. उद्या इकडे फिरकायचं नाही, परवा निवांत बघू.

बुधवार, २३ जुलै

दुपारचा निवांत वेळ. डिस्कवरची जागा कोण खातंय ते दाखवणारी दोन हत्यारं पेनड्राइव्हवर आहेत, विझट्री आणि विनडिरस्टॅट. विझट्री प्रत्येक फोल्डरचं दार ठोठावत बसत नाही. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हची जी मुख्य वही असते, मास्टर फाइल टेबल, तीच सरळ वाचून घेतं, म्हणून काही सेकंदांत उरकतं. पण ते फुकट आहे ते घरगुती वापरासाठी. दुकान म्हणजे धंदा, त्याला परवाना घ्यावा लागतो. विनडिरस्टॅट मुक्त स्रोत आहे, दुकानात चालतं. माझ्याकडची आवृत्ती जुनी, स्कॅन करताना पिवळे पॅकमॅन फोल्डर खात इकडून तिकडे पळणारी. सीला तीन मिनिटं लागली. डीला सव्वीस, आणि तेवढा वेळ डिस्क चण्याच्या भट्टीसारखी कडकडत होती.

स्कॅन संपल्यावर खाली जो रंगीत पट्टा येतो तो बघून ताई म्हणाल्या, "दादा, ही तर वाकळ झाली!" मला यापेक्षा चांगला शब्द सुचणार नाही. प्रत्येक फाइल म्हणजे एक तुकडा, फाइल जेवढी मोठी तेवढा तुकडा मोठा, एका फोल्डरचे तुकडे शेजारी शेजारी शिवलेले, रंग फाइलच्या प्रकाराप्रमाणे. तुकडे उशीसारखे फुगीर दिसतात, त्यामुळे एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते नजरेला चटकन कळतं. ही फुगीर छटेची युक्ती नेदरलँड्समधल्या व्हॅन वाइक आणि व्हॅन डी वेटरिंग यांची, १९९९ सालची. मूळ कल्पना अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठातल्या बेन श्नायडरमन यांची. १९९० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत चौदा जण मिळून ८० एमबीची एक डिस्क वापरायचे, ती सारखी भरायची, आणि जागा कोण खातंय ते एका नजरेत दिसावं म्हणून त्यांनी चौकटीत चौकट काढायला सुरुवात केली.

आता इथला हिशेब. दहा फूट बाय वीस फूट बॅनर, ७२ डीपीआय. म्हणजे ८,६४० गुणिले १७,२८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला चार रंगांचे चार बाइट. न दाबलेली फाइल ५७० एमबीच्या आसपास. त्या चौदा जणांच्या सात डिस्का एका वाढदिवसात गेल्या.

सीच्या वाकळीत मधोमध अकरा मोठे चौकोन, एकाच रंगाचे. विंडोजचा भाग नाही, प्रोग्रॅमही नाही. क्लिक केलं तर टेम्प फोल्डर, नाव 'फोटोशॉप टेम्प' आणि पुढे आकडे. एकेक पाच ते नऊ जीबी, अकरांचे मिळून ७४ जीबी.

रॅम पुरेना की फोटोशॉप डिस्कवर स्वतःची रफ वही उघडतं. नीट बंद केलं तर जाताना ती फाडून टाकतं. मशीनच धाडकन बंद पडलं तर फाडणार कोण? वही तशीच राहते, आणि पुढच्या वेळी नवी उघडली जाते.

फायलींच्या तारखा बघितल्या. ८ मे, संध्याकाळी ५:५०. १४ मे, ६:३५. २० मे, ६:१०. अकरातल्या सात मे महिन्यातल्या, सगळ्या दिवेलागणीच्या आधीच्या. ताईंनी एकदम कपाळावर हात मारला. "वळवाचा पाऊस!" यंदा मेमध्येच पाऊस धो धो सुरू झाला. ढग आले की लाइट जायची, आणि यूपीएस पूर्वी दहा मिनिटं धरायचा तो आता डोळा मारण्याइतकाही धरत नाही. म्हणजे सी भरली ती यूपीएसच्या बॅटरीमुळे. चार वर्षं ही कामं करतोय, पण पावसाच्या वेळा टेम्प फोल्डरमध्ये नोंदलेल्या पहिल्यांदाच बघितल्या.

फोटोशॉप बंद करून अकराही उडवल्या. सी ७८ जीबी मोकळी. लाल पट्टी निळी झाली आणि काकांनी चहा सांगितला.

सीवर आणखी दोन गोष्टी बघून ठेवल्या. व्हॉट्सॲपच्या डेस्कटॉप ॲपने ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरच्या पोटात २९ जीबी धरलेत, ते नंतर. आणि ही जुनी आवृत्ती विंडोज फोल्डर ३४ जीबीचं दाखवते ते खरं नाही. आतल्या विनएसएक्सएस या विंडोजच्याच फायलींच्या फोल्डरमधल्या बऱ्याच फायली हार्ड लिंक आहेत. म्हणजे माल एकच, त्याला दोन ठिकाणी नाव. जुनी आवृत्ती तो दोनदा मोजते. एका गिऱ्हाइकाच्या भाच्याने असंच चित्र बघून विनएसएक्सएस हाताने साफ करायला घेतलं होतं. त्याचं विंडोज मी पुन्हा टाकून दिलं. तिथे झाडलोट करायचीच तर विंडोजचं स्वतःचं डिस्क क्लीनअप आहे, अपडेटचा जुना माल तेच काढतं.

शुक्रवार, २५ जुलै

आज डी. हीच खरी अडचणीची खोली.

उजवीकडे फाइलच्या प्रकारांची यादी येते, त्यात पहिला नंबर टिफचा: ४१२ जीबी, २,३१६ फायली. मग कोरल या डिझाइनच्या प्रोग्रॅमच्या सीडीआर १६७, फोटोशॉपच्या पीएसडी १४८, जेपीजी ११८. फोल्डरांची नावं मात्र वाचण्यासारखी. 'नवीन', 'नवीन नवीन', 'नवीन २०२१', 'न्यू फोल्डर' आणि त्याचे कंसातले भाऊ १४ पर्यंत, 'फायनल', 'फायनल ओके', 'फायनल ओके काका', 'डी चा बॅकअप'. हा शेवटचा डीवरच आहे. बॅकअप ज्याचा त्याच डिस्कवर! डिस्क गेली तर दोन्ही एकाच तिरडीवर.

मी म्हटलं, काका, टिफ म्हणजे छापायला काढलेली प्रत. मूळ काम सीडीआर नाहीतर पीएसडीमध्ये असतं. मूळ आहे तोवर टिफ पुन्हा दोन मिनिटांत निघते, तेव्हा सगळ्या टिफ काढू या. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एक फोल्डर उघडायला लावलं, २०२० चं. आत एका बाईंचा फोटो, कडेने नीट कापलेला, मागे निळसर आभाळ, खाली भावपूर्ण श्रद्धांजली.

"त्यांचे मालक दर वर्षी येतात," काका म्हणाले. "पहिल्या पुण्यस्मरणाला आले, दुसऱ्यालाही आले. घरात दुसरा फोटो नाही. मोबाइलमध्ये होता, मोबाइल बिघडला. आता तो फोटो बार्शीत फक्त या मशीनमध्ये आहे."

त्या कामाची टिफ आहे, पीएसडी नाही. ज्या पोराने ते केलं तो काम सोडून पुण्याला गेला, मूळ फाइल त्याने कुठे ठेवली कोणास ठाऊक.

वाकळीत हा तुकडा शोधूनही सापडत नाही. १२ एमबी. त्याच्या शेजारी एका भव्य कुस्ती मैदानाच्या बॅनरचा ९०० एमबीचा चौकोन पसरलेला. प्रोग्रॅमला फक्त आकार कळतो, त्यामुळे मोठ्यापासून सुरुवात करायची हे मी नेहमी सांगतो ते बरोबरच आहे. पण 'टिफ सगळ्या उडवा' हा शहाणपणा मी बाईंच्या फोटोसमोर मागे घेतला. नवं ठरलं: ज्या टिफचं मूळ शेजारी आहे तीच हलवायची. आणि हलवायची म्हणजे दुसऱ्या डिस्कवर ठेवायची, डिलीट नाही. दोन टीबीची बाहेरची डिस्क मागवली. ती १.८१ दाखवणार, हे काकांना आधीच सांगून ठेवलं.

सोमवार, २८ जुलै

मूळ आहे की नाही हे विनडिरस्टॅट सांगत नाही. कमांड प्रॉम्प्टवरून डीवरच्या सगळ्या फायलींची यादी काढली, एक्सेलमध्ये घेतली, टिफ एका बाजूला, सीडीआर आणि पीएसडी दुसऱ्या बाजूला, आणि नावांच्या जोड्या शोधणारा व्हीलुकअप लावला. २,३१६ पैकी २,०५० टिफना मूळ सापडलं. इतकं सोपं? खुशीत चहा घेतला आणि मग यादी खाली सरकवून पाहिली. 'फायनल.टिफ' नावाच्या ६१ फायली. त्या सगळ्यांना एकच 'फायनल.सीडीआर' जोडीदार मिळाली होती, तीही कुठल्या तरी हळदीकुंकवाच्या पत्रिकेची.

पुन्हा केलं. या वेळी फाइलच्या नावाआधी फोल्डरचा पूर्ण पत्ता धरला. आता १,८७४. उरल्या ४४२, ७५ जीबी, त्या जागच्या हलणार नाहीत. बाईंचा फोटो त्यात आला हे नाव टाकून तपासलं.

कोरलच्या सीडीआरमध्ये वेगळीच गंमत. फाइल सेव्ह केली की कोरल आधीची प्रत 'बॅकअप_ऑफ_' नावाने शेजारी ठेवतं. सोय चांगली आहे, पण सात वर्षं कोणी आवरलंच नाही. १६७ मधले ७१ जीबी हेच. प्रकारांच्या यादीत ते दिसत नाहीत, कारण शेपूट दोघांचंही सीडीआर. नावाने शोधल्यावर बाहेर आले.

बाहेरची डिस्क आली होती. शोधलेले सगळे बॅकअप निवडले, कट केलं, बाहेरच्या डिस्कवरच्या एका फोल्डरमध्ये पेस्ट. मध्ये विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे. स्किप दाबत गेलो.

मंगळवार, २९ जुलै

कालचं पेस्ट ही माझी चूक.

नागपंचमी म्हणून दुकान अर्धा दिवस. अकराला ताईंचा फोन, एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची सीडीआर उघडत नाही. लाइट गेली तेव्हा सेव्ह चालू असावी. एरवी शेजारची बॅकअप फाइल उघडली असती, पण दादांनी ती काल नेली ना! नेली, आणि शेकडो फोल्डरांतल्या फायली एकाच फोल्डरात ओतल्या. कुठली कुठून आली तो पत्ताच गेला. त्या ढिगात दोन तास एकेक सीडीआर उघडून बघितली. लग्न, बारसं, वास्तुशांत, खत दुकान, पुन्हा लग्न. स्नेहसंमेलन नाही.

शेवटी ताईंनी सहज मूळ फोल्डर उघडलं, तर बॅकअप तिथेच. नाव 'बॅकअप_ऑफ_फायनल', त्या नावाची एक ढिगात आधीच गेलेली, म्हणून मी स्किप दाबलं होतं, आणि स्किप केलेली फाइल जागची हलत नाही. म्हणजे वाचलो ते आळसामुळे.

दुपारी रोबोकॉपी लावलं. विंडोजमध्येच असतं, कमांडने चालतं. उपफोल्डरांसकट घे आणि हलव असं सांगितलं की फाइल उचलतं, पण तिकडे त्याच नावाचं फोल्डर बांधून त्यातच ठेवतं. उरलेले बॅकअप तसे गेले, गेल्या तीन महिन्यांतले सोडून. टिफची यादी मोठी, ती रात्रभर चालू ठेवली. कालचा ढीग 'ढीग' याच नावाने पडून आहे. तो निस्तरायला मला तोंड नाही.

शनिवार, २ ऑगस्ट

टिफ पोचल्या. डीवर ६ चे ४१० च्या वर जीबी मोकळे झाले. फिरत्या डिस्कची कडकड कमी झाली असं ताई म्हणतात. ते मनाचं समाधान असेल, पण मी मोडलं नाही.

यूपीएसला १२ व्होल्ट, ७ एएचची नवी बॅटरी टाकली. जुनी पोटातून फुगलेली होती. मेन स्विच पाडून चाचणी घेतली, सात मिनिटं धरलं. सेव्ह करून नीट बंद करायला तेवढं पुष्कळ. फोटोशॉपची रफ वही डीवर न्यावी का असं काकांनी विचारलं. नको म्हटलं, ती डिस्क जुनी आणि हळू, काम रखडेल.

मग रिसायकल बिन. या वेळी वाद न घालता प्रॉपर्टीज उघडून दाखवलं. डीच्या बिनला मर्यादा असते, इथे साधारण ४९ जीबी. बिन ४७ वर.

"म्हणजे अजून दोन जीबी जागा आहे की."

"काका, ४९ झाले की नवीन टाकलेलं आत येतं आणि सगळ्यात जुनं आपोआप जातं. कायमचं. विचारत नाही. कदाचित दोन-तीन वर्षांपासून जात असेल."

काकांनी बिन तारखेप्रमाणे लावायला सांगितलं. सगळ्यात जुनी फाइल मागच्या फेब्रुवारीतली. "आणि त्याआधीचं?" मी काही बोललो नाही. लॅमिनेशनवाला पोरगा हसत होता, त्याला काकांनी पान आणायला पाठवलं.

सोमवार, ११ ऑगस्ट

महिन्यातून एकदा बघायचं ठरलं होतं, पण दहीहंडीचं काम सुरू झालं म्हणून आजच पाहिलं. टेम्पमध्ये एकही अनाथ वही नाही, मधे दोनदा लाइट जाऊनही. सी बरी आहे, पण व्हॉट्सॲपचे २९ चे ३४ जीबी झाले.

ताई काम कसं करतात ते शेजारी बसून पाहिलं. गिऱ्हाईक फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवतं, कारण साधा पाठवला की फोटो दाबला जातो, हे आता बार्शीत सगळ्यांना पाठ झालंय. ताई तो उघडतात, म्हणजे एक प्रत ॲपच्या पोटात. मग सेव्ह ॲज करून डीवर, दुसरी प्रत. मग सीडीआरमध्ये घेतला की तिसरी. चुकीचं काही नाही, काम असंच होतं. ॲपच्याच स्टोरेजच्या पानावरून काम झालेल्या चॅटमधल्या मोठ्या फायली काढायच्या आणि ॲपडेटामध्ये हाताने शिरायचं नाही, एवढं ताईंना दाखवलं. त्यांनी मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी लावली: शनिवारी व्हॉट्सॲप. बाजूला आधीच्या चिठ्ठीवर 'गोंद आणणे'.

काकांनी नवीन टिफ दाबून सेव्ह करता येते का विचारलं. एलझेडडब्ल्यू ही फाइल दाबायची पद्धत लावून दोन बॅनर काढले. सपाट रंगाचा बॅनर ५७० चा ४० एमबीवर आला, फोटोंनी भरलेला जेमतेम चौथाईने घटला. छपाईच्या मशीनचं रिप सॉफ्टवेअर दोन्ही घेतं. इतक्या वर्षांत ती खूण कोणी लावली नव्हती, मीसुद्धा.

शनिवार, २३ ऑगस्ट

गणपती येत्या बुधवारी. दुकानात मंडळांची पोरं रांगेत, मी फक्त वाकळ बघायला पाच मिनिटं आलो. बघायला गेलो तर काकांनी ती स्वतःच उघडून ठेवलेली. सव्वीस मिनिटं लागतात म्हणून जेवायला जाताना स्कॅन लावून गेले होते. डीवर ३६० मोकळे. दहीहंडीपासून पन्नासेक गेले, सीझनला ते चालतं.

एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, "हा कुस्तीवाला अजून इथं का?" त्याची सीडीआर नाही, म्हणून राहिलाय. मैदानवाल्यांना विचारून ठेवतो म्हणाले.

रिसायकल बिन ०. मी चकित होऊन बघतोय तर डीवर एक नवं फोल्डर, ४७ जीबी. नाव: 'कचरा, टाकू नये'.